शिकाऊ जागांचे आरक्षण : कायद्यात आहे, वस्तीला ठाऊक नाही

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि २९ जुने कामगार कायदे मोडीत काढले. त्यावर बरीच चर्चा झाली. कामगार संघटनांनी निषेध केला, उद्योगपतींनी स्वागत केले, वाहिन्यांवर दोन दिवस वाद झडले. परंतु या सगळ्या गदारोळात एका माणसाचे नाव कुणी घेतले नाही. तो माणूस म्हणजे शिकाऊ उमेदवार. आयटीआय करून, हातात प्रमाणपत्र घेऊन, कारखान्याच्या गेटवर उभा असलेला आमचा पोरगा. वेतनसंहिता असो की औद्योगिक संबंध संहिता, दोन्हींनी 'कर्मचारी' कोण याची व्याख्या करताना शिकाऊ उमेदवाराला कंसात टाकून बाहेर काढले आहे. तो यंत्र चालवतो, त्याच्या हातून माल तयार होतो, त्याचे बोट कापले तर रक्तही येते. पण कायद्याच्या लेखी तो कामगार नाही!

हा विषय आम्ही भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने मांडत आहोत आणि त्याला कारण आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले, आठ माणसे गेली, पाच जखमी झाली. त्या आठांमध्ये विशीतला एक शिकाऊ उमेदवारही होता. जवळजवळ एक वर्ष आधी, २७ जानेवारी २०२४ रोजी, याच निर्माणीत स्फोटात एक कामगार दगावला होता. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातही हेच चालले आहे. बाजारगावच्या स्फोटके बनविणाऱ्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ जण मेले, त्यात सहा स्त्रिया होत्या. जून २०२४ मध्ये धामण्याला, एप्रिल २०२५ मध्ये उमरेडला तशाच बातम्या आल्या. दरवेळी मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी समिती नेमली गेली. परंतु ज्या तरुणाला यंत्राजवळ उभे केले जाते त्याचा कायद्यातला दर्जा काय, त्याला पुढे नोकरी कोण देणार, हे प्रश्न कोणत्याही समितीने विचारले नाहीत. ते आपल्यालाच विचारावे लागतील.

तिशीतले नवे विद्यार्थी

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुणांत एक नवा वर्ग दिसतो. बी.ए. झालेला, कधी एम.ए., बी.एड. झालेला. स्पर्धा परीक्षा तीन-चारदा दिलेली, पोलीस भरतीत एका-दोन गुणांनी राहिलेला. वय अठ्ठावीस, तीस, बत्तीस. लग्न झालेले, घरी एक लेकरू. मधल्या काळात राइस मिलवर पोती उचलली, नाहीतर पुण्याजवळ चाकण-रांजणगावला ठेकेदाराकडे बारा-बारा तास उभे राहून आला. आणि आता तो विचारतो, "साहेब, या वयात वेल्डरचा ट्रेड करू का? लोक काय म्हणतील?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. महाराष्ट्रात आयटीआयच्या प्रवेशाला किमान वय १४ आहे, कमाल वयाची अट नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे. शिकाऊ उमेदवारी कायद्यातही किमान वयच सांगितले आहे. साधारण १४, आणि धोकादायक उद्योगांत १८. तेव्हा तिशीतल्या माणसाला कायदा अडवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, कारण ते आपल्या वस्तीने द्यायचे आहे. "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही पाळला, तो अभिमानाने पाळला. परंतु शिकणे म्हणजे पदवी आणि पदवी म्हणजे साहेबाची खुर्ची असा त्याचा अर्थ हळूहळू लावला गेला. मुलगा बी.ए. नापास झाला तरी चालेल, पण आयटीआयला गेला म्हटले की विहारात बसलेली मंडळी हळहळतात. लग्नाच्या बोलणीत "मुलगा फिटर आहे" हे हळू आवाजात सांगितले जाते. ज्या समाजाच्या हातून शतकानुशतके अवजार हिसकावले गेले, त्या समाजाने आता आपणहून अवजाराकडे पाठ फिरवावी, ही गंभीर गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, वकीलसाहेब, आमच्या बापजाद्यांना हातकामात डांबले म्हणून तर आम्ही शिकलो. तुम्ही पुन्हा तिकडेच ढकलता? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण दोन्हींतला फरक नीट बघा. बलुत्याचे काम जन्माने यायचे. त्याला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, ठरलेला मोबदला नव्हता आणि ते सोडून जाण्याची मुभा नव्हती. आयटीआयचा ट्रेड माणूस अर्ज करून निवडतो, शिकतो, परीक्षा देतो आणि ते प्रमाणपत्र घेऊन देशात कुठेही जातो. तिथे निदेशक जॉब हातात घेतो, व्हर्निअर लावतो आणि माप बघतो. जॉब मापात असेल तर पास, नसेल तर नापास. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये सांगितले. ही विभागणी मोडायची तर ज्या कामांच्या दारावर जात पहारा देत होती, त्या कामांत शिरलेच पाहिजे.

हा लढा जुना आहे

कौशल्याच्या कामात शिरण्याचा लढा बाबासाहेबांनी स्वतः लढला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपण कसा ओढायचा, असे सवर्ण विणकर म्हणत. आणि गंमत अशी की जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती! १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक ठेवला. मालकाविरुद्ध एकजूट मागता, मग आमच्या माणसाला विणाई खाते बंद का?

इथे एक गोष्ट विदर्भातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. नागपूर-भंडारा भागातला महार समाज हा विणकामाला अनोळखी नव्हता. जाडेभरडे कापड विणणे हा त्याचा जुना धंदा. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि तो बुडाला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. माग बंद पडलेली कितीतरी माणसे मग गिरण्यांच्या दाराशी गेली. हुनर आपल्याजवळ होते. यंत्र आले तेव्हा यंत्रापर्यंत जाण्याची वाट आपल्याला मिळाली नाही, हे खरे दुखणे.

ती वाट काढायला बाबासाहेबांनी पुढे सत्तेचा उपयोग केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. तंत्रशिक्षणाची योजना, सेवायोजन कार्यालये ही खाती त्यांच्याकडे होती. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, ती त्यांच्याच खात्याची. आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन व्हाइसरॉयला दिले, त्यात परदेशी शिष्यवृत्त्या आणि सरकारी नोकऱ्या यांच्याबरोबर आणखी एक मागणी आहे, जिची आठवण आपण फारशी काढत नाही. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अनुसूचित जातींच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे, ही ती मागणी. म्हणजे विलायतेत शिकायला जाणारा मुलगा आणि रेल्वेच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा मुलगा, दोघेही बाबासाहेबांच्या एकाच निवेदनात आहेत. आपण एकाचा फोटो लावला आणि दुसऱ्याला विसरलो.

१९७३ पासून असलेला हक्क

आता मुद्द्याची गोष्ट. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे ही मागणी चळवळ कितीतरी वर्षे करते आहे. २००४ मध्ये केंद्रात आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीने आपल्या किमान समान कार्यक्रमात त्याचा उल्लेख केला. उद्योगपतींच्या संघटनांनी २००६ मध्ये, कायदा नको, आम्ही स्वखुशीने करू, असे सांगून तो प्रश्न गुंडाळला. तेव्हापासून आम्ही मोर्चे काढतो, ठराव करतो. मागणी रास्तच आहे, ती सोडायची नाही. पण खाजगी कारखान्याच्या आत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवणारा एक कायदा या देशात आजही जिवंत आहे, हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात कलम ३-अ घातले गेले. प्रत्येक नेमलेल्या ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात आणि त्यांची संख्या त्या राज्यातली लोकसंख्या बघून ठरावी, असे ते कलम सांगते. २००७ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठीही तशीच तरतूद झाली. आणि यात मालक म्हणजे फक्त सरकार नव्हे. ज्या आस्थापनेला हा कायदा लागू, ती सरकारी असो वा खाजगी, तिला हे बंधन आहे.

हा कायदा लागू कुणाला? २०१९ च्या नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात, तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. किती? एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि हे मनुष्यबळ मोजताना कंत्राटी माणसेही धरायची. हिशेब करू. एखाद्या कारखान्यात कायम आणि कंत्राटी मिळून ४०० माणसे आहेत. त्याला किमान १० शिकाऊ घ्यावेच लागतील आणि ६० पर्यंत घेता येतील. त्यात अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, ओबीसी किती, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भंडारा जिल्ह्यात अनुसूचित जाती जवळजवळ १७ टक्के आणि जमाती सात टक्क्यांवर आहेत. जिल्ह्यातला प्रत्येक चौथा माणूस या कलमाच्या छायेत येतो, आणि त्याला याची खबरही नाही!

मालकवर्गाला मात्र या कायद्याची पुरती खबर आहे. पूर्वी कायदा मोडणाऱ्या मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि दंडावर भागवले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रोत्साहन योजनेतून शिकाऊच्या विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १५०० रुपयांपर्यंत, सरकारने स्वतःच्या खिशातून द्यायला सुरुवात केली. म्हणजे शिकाऊ माणसाचा फायदा कसा घ्यायचा हे त्यांना कळले. आपला हक्क कसा घ्यायचा हे आपल्याला कळले नाही.

शिकाऊ की स्वस्तातला मजूर?

फसवणूक कुठे होते तेही उघड बोलले पाहिजे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ हजार ते ९ हजार रुपये ठरवले. किमान वेतनाचा कायदा शिकाऊला लागू नाही. मग एखाद्या मालकाने कायम कामगाराची जागा रिकामी ठेवून तिथे एकामागून एक शिकाऊ उभे केले, तर त्याचा नफा वाढणारच. वर्ष संपले की एक तुकडी बाहेर, दुसरी आत. पोरगा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शिकाऊच राहतो. एका खाजगी कारखान्यात तर आमच्या एका पक्षकाराला दोन वर्षे मशीनवर राबवून घेतल्यावर सांगण्यात आले की तुझा करारच नोंदवलेला नाही. म्हणजे तो शिकाऊही नाही आणि कामगारही नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने, ती पुढे अकरा महिन्यांवर नेली. मुदत संपल्यावर काय, या प्रश्नावर त्याच प्रशिक्षणार्थींना रस्त्यावर यावे लागले. नाव प्रशिक्षणाचे, काम कायम जागेचे, मोबदला तात्पुरता. खाजगीकरणाने आरक्षणाला सुरुंग लावला हे आपण नेहमी म्हणतो. तो सुरुंग आता प्रशिक्षण हे गोड नाव घेऊन पुढे सरकतो आहे.

आयुध निर्माणीचेच बघा. साठच्या दशकात, चीनच्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या या निर्माणीने जिल्ह्यातल्या किती घरांना पहिला पगार दिला! आमच्या समाजातल्या पक्क्या घरांची, शिकलेल्या मुलींची एक पिढी जवाहरनगरच्या आधारावर उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध निर्माणी सात कंपन्यांत वाटल्या गेल्या आणि भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेली. कंपनी शंभर टक्के सरकारचीच आहे, म्हणून आरक्षणाचा नियम कागदावर कायम आहे. पण त्यानंतर स्फोटकांच्या इमारतीत काम करायला जे 'डेंजर बिल्डिंग वर्कर' मागवले गेले, ते ठरावीक मुदतीच्या करारावर. आणि अर्ज कुणी करायचा? तर ज्यांनी याच निर्माणींत केमिकल प्लांट ऑपरेटरची शिकाऊ उमेदवारी केली आहे त्यांनी. म्हणजे हुनर इथेच शिकवले, हे काम यालाच येते हेही मान्य, धोकाही त्यानेच पत्करायचा; फक्त कायम नोकरी तेवढी द्यायची नाही.

जिल्ह्यातल्या बाकी उद्योगांचे चित्रही आपल्यासमोर आहे. वरठीचा पोलाद कारखाना आणि गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना चालू आहेत, चिखला-डोंगरीच्या मॅंगनीज खाणी चालू आहेत. पण तुमसर तालुक्यात माणेकनगरचा फेरो कारखाना बंद पडला. मुंडीपारला भेल कंपनीच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०१३ मध्ये झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, फॅब्रिकेशनचा कारखाना येणार म्हणून पोरांनी वेल्डर-फिटरचे ट्रेड धरले. दशक उलटले, तिथे कारखाना उभा राहिला नाही. तेव्हा नुसते "कौशल्य शिका, नोकरी आपोआप मिळेल" असे सांगणारे खोटे बोलतात. ज्या वेल्डरच्या हाताला कामच नाही त्याच्या प्रमाणपत्राला घरात फ्रेम करून लावण्यापलीकडे उपयोग नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, हुनर शिकण्याबरोबर हक्क शिकला पाहिजे.

कायदा हातात घ्या, म्हणजे वाचा

शिकाऊ उमेदवारी कायदा दुबळा आहे, पण पोकळ नाही. आपल्या पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी यातल्या काही गोष्टी पाठ कराव्यात.

पहिली गोष्ट, करार. काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार झाला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. त्याची प्रत घरी आणून ठेवा. नोंदवलेला करार नसेल तर "हा आमचा शिकाऊ आहे" असे म्हणणे मालकाला कोर्टात जड जाते, आणि मग कामगार म्हणून हक्क मागण्याची वाट मोकळी होते.

दुसरी, सुरक्षा. शिकाऊ हा कामगार नाही असे कलम १८ म्हणते. पण त्याच कायद्याचे कलम १४ म्हणते की आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण यांच्या बाबतीत त्याला कारखान्यातल्या कामगारासारखेच वागवायचे. त्या कलमात १९४८ च्या कारखाने कायद्याचे नाव आहे. तो कायदा आता रद्द झाला म्हणून सुरक्षा संपली, असे कुणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. जुना कायदा जाऊन त्याच्या जागी नवा आला की जुन्याचा उल्लेख नव्याला लागू होतो, हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे साधे तत्त्व आहे. हातमोजे, चष्मा, बूट, मशीनवरची जाळी हे मालकाचे उपकार नाहीत.

तिसरी, जादा तास. शिकाऊ उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घ्यायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते, आणि ती प्रशिक्षणाच्या हितासाठी किंवा सार्वजनिक हितासाठीच देता येते. ऑर्डर पूर्ण करायची आहे हे काही प्रशिक्षणाचे हित नव्हे.

चौथी, नुकसानभरपाई. प्रशिक्षणात अपघाताने इजा झाली तर मालक भरपाई द्यायला बांधील आहे, हे कलम १६ सांगते. शिकाऊ होता म्हणून काही मिळणार नाही, असे सांगून दवाखान्याच्या दारात कागदावर सही घेणारे लोक असतात. सही करू नका, आधी वकील गाठा.

पाचवी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नोकरी. कायद्याने शिकाऊला नोकरीची हमी दिलेली नाही, हे खरे. पण २०१४ पासून कलम २२ प्रमाणे प्रत्येक मालकाने, आपल्याकडे उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत कसे घेणार याचे धोरण तयार केले पाहिजे. करारातच उमेदवारीनंतर मालकाकडे काम करण्याची अट असेल, तर योग्य नोकरी देऊ करणे मालकावर बंधनकारक आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या शिकाऊंच्या प्रकरणात सांगितले आहे की इतर सर्व बाबी समान असतील तर थेट भरतीत प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे, सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याची अट त्याला लावू नये, वयातही सवलत द्यावी आणि उमेदवारी पूर्ण केलेल्यांची यादी ठेवावी. तिशीत नवा धंदा धरणाऱ्याला वयाच्या सवलतीचा हा मुद्दा किती मोलाचा आहे, हे सांगायला नको.

जर्मनीत कारखाना आणि शाळा दोन्हीकडे शिकून तयार झालेला कारागीर समाजात मानाने वावरतो, आणि पुढची परीक्षा देऊन तो उस्ताद झाला की स्वतः शिकाऊ तयार करतो. आपल्याकडेही मंत्री त्या पद्धतीचे गोडवे गातात. पण तिथे शिकाऊच्या पाठीशी कामगार संघटना उभी असते. इथे शिकाऊ कोणत्याच संघटनेचा सभासद नाही, आणि आमच्या चळवळीच्या दप्तरातही त्याचे नाव नाही.

आता काय करायचे

भाषणे पुष्कळ झाली. भंडारा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

एक, माहितीचा अधिकार वापरा. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या आस्थापनेत किती शिकाऊ जागा आहेत, त्यात कलम ३-अ प्रमाणे किती राखीव, किती भरल्या, हे विचारा. खाजगी कारखान्याला थेट विचारता येत नाही, पण शिकाऊ उमेदवारीचे काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, म्हणजे आयटीआयच्या बीटीआरआय केंद्राला विचारता येते. केंद्राच्या कंपन्या आणि अनेक राज्यांत कारभार असलेल्या आस्थापनांसाठी केंद्राच्या प्रादेशिक कार्यालयाला विचारा. सरकारी कंपन्यांना मात्र थेट विचारा, आणि कलम २२ चे भरती धोरण दाखवा म्हणून मागणी करा.

दोन, प्रत्येक तालुक्याच्या गावी, निदान एका विहारात, आठवड्यातून एक संध्याकाळ शिकाऊ उमेदवारांसाठी ठेवा. करार वाचून दाखवणारा एक वकील आणि निर्माणीतून, कारखान्यातून निवृत्त झालेला एक कामगार, एवढी माणसे पुरेत. निवृत्त कामगारांजवळ तीस-पस्तीस वर्षांचे हुनर आहे. त्यांना जयंतीच्या वर्गणीपुरते बोलावू नका, नव्या पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवण्यासाठी बोलावा.

तीन, मुलींना या ट्रेडमध्ये आणा. बाजारगावला मेलेल्या स्त्रिया कारखान्यातच काम करत होत्या. बाई कारखान्यात जाणार की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. ती रोजंदारीने, कुठलेही प्रमाणपत्र नसताना जाणार, की मशिनिस्ट-इलेक्ट्रिशियन होऊन जाणार, एवढाच प्रश्न आहे.

चार, मते मागायला येणाऱ्याला अडवा. सामाजिक न्यायाच्या गप्पा नकोत, त्याला तीन प्रश्न विचारा. मुंडीपारचे काय झाले? जवाहरनगरच्या मुदतबंद कामगारांना कायम करण्यासाठी तुम्ही सभागृहात काय बोललात? शिकाऊ उमेदवाराला 'कर्मचारी' या व्याख्येतून बाहेर ठेवणाऱ्या संहितांना तुमच्या पक्षाने पाठिंबा दिला की विरोध?

१९५४ मध्ये याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि या जिल्ह्याने त्यांना पराभूत होऊ दिले. ते शल्य आपण आजही बोलून दाखवतो. पण ज्या निवेदनात त्यांनी आमच्या पोरांसाठी कारखान्यातली शिकाऊ जागा मागितली, ते निवेदन कपाटात ठेवून शल्य मिरवण्यात काय अर्थ आहे? १९४२ साली जे मागावे लागले ते १९७३ साली कायद्यात आले. मागायचे काम बाबासाहेबांनी केले आहे. घ्यायचे काम आपले आहे, आणि ते यंदाच्या आयटीआय प्रवेशापासून सुरू झाले पाहिजे.

जयभीम!